रामाकोन्याची गोष्ट रामाकोन्यात कधी सांगणार?



आज जरा मोठं लिहितोय. विषय आपल्या गावाचा आहे, तेव्हा चहा घेऊन बसा आणि शेवटपर्यंत वाचा.

छिंदवाड्याचं आदिवासी संग्रहालय आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. शाळेची सहल तिकडे जायचीच. २० एप्रिल १९५४ ला ते सुरू झालं, १९७५ मध्ये त्याला राज्य संग्रहालयाचा दर्जा मिळाला आणि ८ सप्टेंबर १९९७ ला त्याला बादल भोई यांचं नाव दिलं गेलं. १५ नोव्हेंबर २०२४ ला, बिरसा मुंडा जयंतीच्या दिवशी, तिथल्या नव्या आदिवासी स्वातंत्र्यसैनिक संग्रहालयाचं लोकार्पण पंतप्रधानांच्या हस्ते झालं. तेही बादल भोई यांच्याच नावानं.

हे बादल भोई कोण? संग्रहालयाकडून मिळणारी माहिती अशी : परासिया तालुक्यातल्या डुंगरिया तितरा गावी १८४५ मध्ये जन्म. १९२३ मध्ये त्यांच्या पुढारपणाखाली हजारो आदिवासी कलेक्टरच्या बंगल्यावर गेले, लाठीमार झाला, धरपकड झाली. २१ ऑगस्ट १९३० ला जंगल कायदा मोडला म्हणून त्यांना अटक झाली आणि चांद्याच्या तुरुंगात पाठवलं. १९४० मध्ये इंग्रजांनी विष दिल्यानं तुरुंगातच त्यांचा मृत्यू झाला.

आणि तो जंगल कायदा मोडला कुठे? रामाकोन्याला.

हो, आपल्याच रामाकोन्याला. माझ्या भाच्यानं हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फोन करून म्हणाला, "मामा, हे आपलंच रामाकोना का? मग आपल्याकडे कोणी सांगत काहून नाही?" पोरगा इंजिनिअरिंगचा, इतिहासाशी त्याचा काही संबंध नाही. तरी त्याला प्रश्न पडला. मी त्याला जे उत्तर दिलं ते दोन वाक्यांत संपलं. पण त्याचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही, म्हणून हा लेख.

माझं म्हणणं सरळ आहे. इतिहासावरची जाहीर व्याख्यानं आपण नागपूरला ऐकतो, छिंदवाड्याला ऐकतो, मुलांकडे गेलो की पुण्याला ऐकतो. पण ज्या गावात गोष्ट घडली त्या गावात कोणी उभं राहून ती सांगत नाही. ती गावातच सांगितली गेली पाहिजे. आणि आपण जी जुनी मराठी घरं इथे पिढ्यान् पिढ्या राहतोय, त्यांनी यात पुढाकार घेतला पाहिजे.

आता कोणी म्हणेल, संग्रहालय आहे ना, फलक आहे ना, मग व्याख्यान कशाला? फलकाचं काम फलक करतो. पण त्याला प्रश्न विचारता येत नाही. वर दिलेलीच माहिती घ्या. जन्म १८४५ चा, म्हणजे १९३० मध्ये वय ८५. पंच्याऐंशी वर्षांचा माणूस भर पावसाळ्यात परासियाकडून घाट उतरून आपल्या गावी येतो आणि जंगल कायदा मोडतो. कसा आला? छोट्या गाडीनं आला का पायी? बरोबर कोण होतं? गावात कोणाच्या दारी पाणी प्यायला? फलक वाचून माणूस पुढे सरकतो. व्याख्यानात मागच्या रांगेतली एखादी म्हातारी उठून म्हणते, "थांबा, माझा सासरा सांगे..." आणि तिथे जे सुरू होतं ते कोणत्याही फलकावर लिहिलेलं नसतं.

हा जंगल सत्याग्रह होता तरी काय, ते आपल्या पोरांसाठी थोडक्यात सांगतो. १९३० च्या एप्रिलमध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. आपल्या मध्य प्रांताला समुद्र नाही. वऱ्हाडात दहीहंड्याला खाऱ्या पाण्याच्या विहिरी होत्या, तिथे लोकांनी मीठ केलं. पण बाकी मुलखात सरकारशी रोजचा खटका उडायचा तो जंगलावरून. म्हणून इथे कायदेभंग झाला तो जंगलात शिरून गवत कापण्याचा. १० जुलै १९३० ला पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी गवत कापून अटक करून घेतली आणि मग ते लोण वऱ्हाडात, बैतुलात, सिवनीत, छिंदवाड्यात पसरलं. ९ ऑक्टोबरला सिवनी जिल्ह्यात टुरियाला गोळीबार झाला. चार माणसं गेली, त्यांतल्या तीन बाया होत्या. आपलं रामाकोना या दोन तारखांच्या मधे येतं.

गवतासाठी कोणी तुरुंगात का जाईल, हे आजच्या पोरांना कळणं कठीण आहे. आपल्या आईबापांना कळायचं. 'निस्तार' हा शब्द आमच्या घरी आजीच्या तोंडी रोजचा होता. घराला लाकूड, बैलाला चारा, कुडाला काटक्या, उन्हाळ्यात मोहफुलं न् चारोळी, हे जंगलातून आणायचा गावाचा जो रिवाज, तो निस्तार. मालगुजारीच्या गावांत त्याची नोंद कागदोपत्रीही असायची. सरकारनं १८७८ चा आणि मग १९२७ चा जंगल कायदा करून राखीव जंगल आखलं, की काल जो रिवाज होता तो आज गुन्हा झाला. बैल राखीव जंगलात गेला तर कोंडवाड्यात. बाई मोळी घेऊन आली तर नाकेदार आडवा. गोंडाच्या घरी हा जगण्यामरण्याचा सवाल होता. कुणब्याच्या घरी तो बैलाच्या चाऱ्याचा सवाल होता. दोघांचा नाकेदार मात्र एकच होता.

हे मी मुद्दाम लिहितोय. आपल्या मराठी घरांत एक सवय आहे. बादल भोईंचं नाव निघालं की आपण म्हणतो, "ते आदिवासींचं आहे." शिवजयंती आली की म्हणतो, "हे आपलं." शिवाजी महाराज आपले आहेतच, त्यात वाद नाही. पण रायगडावरची गोष्ट आपली आणि गावच्या शिवारात घडलेली गोष्ट दुसऱ्याची, हा हिशेब मला पटत नाही. आपण नागपूरकर भोसल्यांचं नाव अभिमानानं घेतो. पण ज्या नागपूरला आपण पोरं शिकायला पाठवतो, ते शहर वसवलं देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शाहानं. देवगडचा किल्ला आपल्या छिंदवाड्याच्याच मुलखात आहे. शेजाऱ्याचा इतिहास काढून टाकला तर आपल्या इतिहासाला पाया कुठला उरतो?

दुसरी अडचण सीमेची. १९३० मध्ये पुसद, चांदा, सिवनी, बैतुल, रामाकोना हे सगळं एकाच मध्य प्रांत-वऱ्हाडात होतं आणि राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. नागपूर, चांदा, वऱ्हाड मुंबई राज्यात गेले, १९६० ला महाराष्ट्रात आले. छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याबरोबर आपण. २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, आपण त्यात आलो. म्हणजे आता गोष्ट घडली ते गाव एका जिल्ह्यात, तिचं संग्रहालय दुसऱ्या जिल्ह्यात आणि तुरुंग तिसऱ्या राज्यकारभाराखाली. नागपूरला मी जंगल सत्याग्रहावरचं एक व्याख्यान ऐकलं. चांगला अभ्यासू वक्ता होता, पुसदचं, तळेगावचं सगळं तारीखवार सांगितलं. पण केळवदच्या पुढे त्याचा नकाशाच नव्हता. इकडचा हिंदी वक्ता टुरिया सांगतो, बैतुल सांगतो, तो उलट बाजूनं येऊन थांबतो. दोघांचंही चुकलं असं मी म्हणत नाही. दोघं आपापल्या राज्याचा इतिहास सांगत होते. मधल्या पट्ट्याचा इतिहास मधल्या पट्ट्यानंच सांगावा लागेल.

आणि हा पट्टा काही आजकालचा नाही. वर्ध्याजवळच्या देवळीला राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा ताम्रपट सापडला. शके ८६२ चा, म्हणजे इ. स. ९४० चा. नागपूर हे नाव लेखात सापडतं म्हणून तो प्रसिद्ध आहे. त्यात दान दिलेल्या गावाच्या चतुःसीमा दिल्या आहेत. एका बाजूला कंदना नदी, एका बाजूला मोहम गाव, एका बाजूला वध्रीर. अभ्यासकांनी ही नावं जुळवली ती अशी : कंदना म्हणजे आपली कन्हान, मोहम म्हणजे आपलं मोहगाव, वध्रीर म्हणजे बेरडी. मंडळी, हजार वर्षांपूर्वीच्या तांब्यावर कोरलेली ही नावं आपण आजही बसच्या कंडक्टरला सांगून तिकीट काढतो! खुद्द पांढुर्ण्यालाही वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचे ताम्रपट मिळाले आहेत. हे सगळं छापलेलं आहे, मोठ्या ग्रंथालयांत आहे. पण पांढुर्ण्याचं नाव घेतलं की बाहेरच्यांना फक्त गोटमार आठवते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कॅमेरे येतात, दगडांचे फोटो काढतात, जातात. आपणच दुसरं काही सांगितलं नाही, तर ते तरी काय दाखवणार?

मराठी माणसाला व्याख्यानाची परंपरा शिकवायला नको. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० मध्ये निघालं, तेव्हा राजवाडे आणि त्यांच्या सोबत्यांची रीतच अशी होती की कागद सापडला की तो सभेत वाचायचा, चार जणांनी त्यावर बोलायचं, मग छापायचा. धुळ्याला राजवाड्यांच्या नावाचं मंडळ १९२७ पासून आहे. आपल्या बाजूला विदर्भ साहित्य संघ १९२३ चा. यादव माधव काळ्यांनी आधी वऱ्हाडचा आणि मग १९३४ मध्ये नागपूर प्रांताचा इतिहास लिहिला. आपला मुलूख या प्रांताच्या बाहेर नव्हता.

फरक पडला तो पुढे. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. त्यामुळे तिथे लहान लहान गावांतही अनुदानावर चालणारी वाचनालयं आहेत आणि वाचनालय असलं की वर्षातून दोन-चार व्याख्यानं होतातच. तो कायदा राज्याची सीमा ओलांडून आपल्याकडे येत नाही. पण म्हणून हात बांधून बसायचं का? व्याख्यानाला लागतं काय? एक सतरंजी, एक फळा, बोलणारा एक आणि ऐकणारे वीस.

आणि आपल्याकडे व्याख्यानं होतच नाहीत असंही नाही. होतात, पण कशी होतात ते सगळ्यांना माहीत आहे. सहाची वेळ, सातला सुरुवात. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, हार, शाल, श्रीफळ. अध्यक्षांचा परिचय, पाहुण्यांचा परिचय, प्रास्ताविक. वक्ता उभा राहतो तेव्हा साडेआठ झालेले. तो तास-सव्वा तास जोरात बोलतो, टाळ्या घेतो, त्याला परतीची गाडी पकडायची असते, तो जातो. प्रश्न कोणी विचारत नाही, कारण प्रश्नाला जागाच ठेवलेली नसते. दुसऱ्या दिवशी विचारा काय सांगितलं, तर लोक म्हणतात, "बोलला बाप्पा जोरदार." याला मी इतिहासाचं व्याख्यान म्हणत नाही.

मला हवं ते असं. अर्धा तास बोलणं, एक तास ऐकणं. वक्त्यानं एक कागद, एक नकाशा किंवा एक तारीख घेऊन यावं आणि गावासमोर ठेवावी. मग गावानं बोलावं. मराठीत बोला, हिंदीत बोला, गोंडीत बोला, सोबतच्यानं अर्थ सांगावा. एका पोरीनं वहीत लिहून घ्यावं, एकानं मोबाईलवर रेकॉर्ड करावं. कोणी काय सांगितलं, ते त्यानं स्वतः पाहिलं की ऐकलं, हे वेगळं लिहावं. ऐकीव गोष्ट फेकायची नाही, पण तिला ऐकीवच म्हणायचं. एवढी शिस्त ठेवली तरी पुष्कळ झालं.

याला दोन आक्षेप येतात, ते मला माहीत आहेत, कारण घरच्याच लोकांनी घेतले.

पहिला : "काय करता इतिहास घेऊन? संत्र्याचा भाव सांगा." खरं आहे, मृग बहार गळला की माणसाला इतिहास सुचत नाही. पण निस्ताराचा इतिहास हा शेतकऱ्याचाच इतिहास आहे. गावाची चराई कुठे होती, जंगलाची हद्द कुठून कुठे सरकली, पांदण कोणाच्या शेतातून जात होती, हे प्रश्न आजही तहसिलीत भांडणं लावतात. १९५१ मध्ये मालगुजारी गेली तेव्हा गावाचं काय काय सरकारकडे गेलं, हे कळायला जुने कागदच लागतात. आजोबांच्या पेटीतला पिवळा कागद वाचता आला नाही म्हणून चुलीत गेला, असं किती घरांत झालं असेल! त्यातला एखादा मोडीत असतो, एखादा उर्दू शब्दांनी भरलेला हिंदीत. व्याख्यानाच्या दिवशी ते कागद घेऊन या, म्हटलं की निदान ते पेटीतून बाहेर तरी येतील.

दुसरा आक्षेप : "जुन्या गोष्टी उकरल्या की वाद होतात. कोण मालगुजाराकडून होतं, कोण सरकारकडून होतं, कोणाच्या आजोबानं साक्ष दिली." होतील वाद. मला हा आक्षेप पहिल्यापेक्षा जड वाटतो, तो मी हसण्यावारी नेत नाही. गावात उद्याही एकमेकांच्या बांधावरून जायचं असतं. पण त्यावर उपाय आहे. नावं घेऊन कोणाचा न्याय करायचा नाही, काय घडलं ते सांगायचं. आणि न बोलण्यानं वाद मिटतात असं कुठे आहे? न बोलल्यानं एवढंच होतं की ज्याचं घर मोठं त्याची गोष्ट उरते आणि ज्याचं घर झोपडीचं त्याची जाते. बादल भोईंचं नाव संग्रहालयामुळे राहिलं. त्या दिवशी त्यांच्याबरोबर जे उभे असतील, त्यांची नावं राखायला संग्रहालय पुरत नाही. ती कोणाच्या तरी आजीच्या तोंडी असतील तर असतील.

आणि आज्या थांबत नाहीत हो. १९३० ला जो दहा वर्षांचा होता तो आज शंभराच्या पुढे असता. म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं सांगणारं कोणी उरलं असेल अशी आशा धरता येत नाही. आता आहेत ते बापाकडून, सासऱ्याकडून ऐकलेले. तेही ऐंशीच्या घरात. आपली छोटी गाडीच आठवा. २०१५ च्या अखेरीस नॅरोगेज बंद झाली. ती बंद होईपर्यंत तिच्याबद्दल कोणी चार ओळी लिहिल्या नाहीत. आता नागपूरला मोतीबागेच्या नॅरोगेज संग्रहालयात पोरांना छोटं इंजिन दाखवतो आणि सांगतो, "अशा गाडीनं आम्ही सावनेरला जात होतो." इंजिन राहिलं. पण तिच्यातून कोण कोण आलं न् गेलं, कोणत्या स्टेशनावर काय विकायला बसायचे, गार्डला गावातून डबा कोण द्यायचं, हे संग्रहालयात ठेवता येत नाही. ते माणसाच्या तोंडून माणसानं ऐकावं लागतं.

म्हणून माझी सूचना. २१ ऑगस्ट ही तारीख धरा. पोळ्याच्या मागंपुढं येते, डवरणी उरकत आलेली असते, बाहेरगावची पोरंही पोळ्याला येतात. दर वर्षी या दिवशी संध्याकाळी रामाकोन्याला एक व्याख्यान व्हावं. शाळेत होवो, पंचायतीत होवो, देवळाच्या ओट्यावर होवो. एका वर्षी जंगल सत्याग्रह, एका वर्षी निस्तार, एका वर्षी कन्हान आणि ताम्रपट, एका वर्षी छोटी गाडी. छिंदवाड्याच्या संग्रहालयातल्या लोकांना बोलवा, नागपूरच्या अभ्यासकांना बोलवा. पण पहिली रांग गोंड वस्तीतल्या म्हाताऱ्यांची आणि आपल्या म्हाताऱ्यांची असू द्या, एकाच सतरंजीवर. हार-शाल नको. चहा पुरे.

२१ ऑगस्ट २०३० ला त्या दिवसाला शंभर वर्षं होतील. तेव्हा मोठा कार्यक्रम होईल, मंडप पडेल, पुढारी येतील, भाषणं होतील. येऊ द्या. पण त्या दिवशी मंचावरून कोणी "या गावातल्या लोकांनी" असं म्हणालं, तर ते लोक कोण होते हे सांगणारी एक वही आपल्या हातात असावी. ती वही भरायला मोजकीच वर्षं आहेत.

नागपूर, पुणे, भोपाळ, इंदूर, जिथे असाल तिथून एवढं करा. यंदा घरी गेलात की घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. नाकेदार, कोंडवाडा, निस्तार हे तीन शब्द नुसते उच्चारा आणि गप्प बसा. जे ऐकाल ते, कोणी सांगितलं त्या नात्यासकट, लिहून ठेवा. आणि सौंसर, लोधीखेडा, मोहगाव, बेरडी, पांढुर्णा या बाजूची जी घरं हे वाचत असतील, त्यांच्या गावची तारीख कोणती, तेही कळवा. प्रत्येक गावाची एक तरी असेलच.